शेंदराच्या दगडाखालचा भराव

"काकाजी, दोरी सरळ न्यायची म्हटली तर या देवाच्या जागेवरून जाते," मॅडम म्हणाल्या. "तिथे खुंट्या ठोकाव्या लागतील. चालेल का?"

मी घनाच्या दांड्यावर हात ठेवून उभा होतो. विचार करायला वेळसुद्धा घेतला नाही.

"नाही चालत. देवाले तकलीफ होते."

पाच शब्द. मॅडमनी मान हलवली, सोबतच्या पोरींना हाक मारली आणि दोरी देवाच्या अलीकडे पंधरा पावलांवर थांबवली. देवाच्या पलीकडे पंधरा पावलांवरून दुसरी दोरी सुरू केली. मधली जागा सोडून दिली. शिकलेली बाई, पण आमच्या देवाचा मान ठेवला म्हणून गावातल्या बायांनी तिला दुपारी जेवायला बोलावलं. मी त्या पंगतीत बसलो होतो. पत्रावळीवरून मान वर केली नाही.

आमचं गाव खाप्याच्या पुढे, कन्हानच्या काठावर. गावाला लागून एक टेकाड आहे. तिथली माती राखेसारखी, म्हणून त्याला पांढरी म्हणतात. लहानपणी आम्ही तिथे ढोरं चारायचो आणि खापरं, मणी वेचायचो. त्या पांढरीच्या पोटात जुन्या काळची विटांची भिंत निघाली. वीट हातभर लांब आणि इतकी जड की एका हातानं उचलून दाखवा. ती भिंत आता दोन माणसं उंच उघडी उभी आहे आणि तिच्या पायथ्याला एक सपाट मोकळी जागा आहे. त्या मोकळ्या जागेच्या मधोमध शेंदराचा दगड. तोच देव.

मॅडम नागपूरच्या एका कॉलेजातून आल्या होत्या, सोबत त्यांच्याकडे शिकणाऱ्या दोन पोरी. भूकंप झाला तर ही भिंत टिकेल का, एवढं त्यांना पाहायचं होतं. मी म्हटलं, भिंत तर ही समोर आहे, पाहून घ्या. तर म्हणाल्या, "भिंतीकडे पाहून कळत नाही काकाजी. भिंत कशावर उभी आहे ते पाहावं लागतं. एकच धक्का कडक जमिनीत एक आणि भुसभुशीत जमिनीत दुसरा होतो."

त्यांची रीत अशी. लांब दोरीवर चोवीस खुंट्या, प्रत्येक खुंटीला वायर. एका टोकाला लोखंडी पाटी ठेवायची आणि तिच्यावर घन मारायचा. जमिनीतून हादरा जातो, तो कोणत्या खुंटीला कधी पोचला ते मशीन टिपते. कडक जमिनीतून लवकर जातो, पोकळ जमिनीतून रेंगाळत जातो. त्यावरून कंप्युटर जमिनीच्या पोटाचं चित्र काढतो. मला हे सांगताना मॅडम दमानं सांगत होत्या, चौथी शिकलेला म्हातारा आहे म्हणून. मी पहिल्या वाक्यातच समजलो होतो. जिंदगीभर विहिरी खोदल्या. सब्बल, म्हणजे पहार, मारली की आवाजावरून सांगायचो, मुरूम किती, खडक कुठे, पाणी कुठे. फरक एवढाच की माझं चित्र डोक्यात राहायचं.

पहिल्या दिवशी एका पोरीनं घन उचलून पाटीवर मारला. कढई पडल्यासारखा आवाज झाला.

"सरक पोरी," मी म्हटलं. "तुह्ये हात कलम धराचे हायेत."

"काकाजी, घाव एकसारखा पाहिजे," मॅडम म्हणाल्या.

"एकसारखा म्हंजे कसा थे दाखवतो."

दोन दिवस सगळे घाव मीच मारले. पंच्याहत्तरीला आलेला माणूस. मॅडम म्हणाल्या, इतके स्वच्छ घाव त्यांना कुठेच मिळाले नाहीत. माझी छाती फुगली. खोटं कशाला सांगू, फुगलीच. ज्या जमिनीबद्दल मी खोटं बोललो, तिच्यावरच घाव मारून मी शाबासकी घेत होतो.

आता ते खोटं सांगतो.

तीस-बत्तीस वर्षं झाली. तेव्हा या पांढरीचं खोदकाम सुरू होतं आणि मजुरांचा मुकादम मी होतो. शेवटी शेवटी खोदकामाच्या साहेबांना पाहायचं होतं की भिंतीचा पाया किती खोल जातो. भिंतीला लागून खड्डा घेतला. पंधरा फूट लांब, दहा फूट रुंद, बावीस फूट खोल. शेवटचे सहा फूट मी स्वतः खोदले. पाया पाहून झाला, नकाशे काढून झाले. साहेबांनी सांगितलं, आता हा खड्डा बुजवायचा, पण पद्धतशीर. वीतभर मातीचा थर, त्यावर पाणी, मग धुमस. तो थर बसला की दुसरा. धुमस म्हणजे लाकडी दांड्याला लोखंडी बूड, दोन हातांनी उचलून आपटायचा. "पंधरा दिवस लागतील," साहेब म्हणाले, "घाई नको."

मी म्हटलं, "साहा दिवसात देतो."

मला कोणी विचारलं नव्हतं. पावसाळा तोंडावर होता खरा, पण खरं कारण ते नव्हतं. कामठीकडचा एक दुसरा मुकादम त्या कामावर होता. तो सगळ्या मजुरांपुढे हसला. म्हणाला, "साहा दिवसात तं उंदराचं बीळ बुजत नाई, बुढ्या." मी तेव्हा म्हातारा नव्हतो. त्यानं बुढ्या म्हटलं आणि डोक्यात गेलं.

पहिल्या दिवशी थर घातले. दुसऱ्या दिवशी हिशेबात आलं की असं केलं तर खरंच पंधरा दिवस लागतील. तिसऱ्या दिवशी साहेब नागपूरला गेले. मग मी जे हाताला लागेल ते लोटलं. मोकळी माती, विटांचे रोडे, फाटकी पोती, मांडवाच्या तुराट्या. पाणी नाही, धुमस नाही. मजूर माझ्याकडे पाहत पाहत टोपल्या रिकाम्या करत होते. वरच्या हातभर जागेत चांगला मुरूम टाकला आणि त्याच्यावर मात्र दोन दिवस असा धुमस केला की पायाला अंगण लागावं. साहेब आले, बुटाची टाच आपटून पाहिली आणि त्या दुसऱ्या मुकादमाकडे पाहून हसले. वहीत लिहिलं की खड्डा थराथरानं पाणी मारून, धुमस करून भरला. खाली मी सही केली. त्याच कामावरून मला पांढरीवर चौकीदाराची नोकरी लागली. ती मी निवृत्त होईपर्यंत केली.

त्या पावसाळ्यात जागा हातभर खचली. मी सकाळी लवकर जाऊन टोपल्यांनी माती टाकली. पुन्हा खचली. लोकांच्या नजरेत येईल, कोणाची बैलगाडी त्यावर उभी राहील, म्हणून कन्हानच्या पात्रातून एक गोल दगड खांद्यावर आणला. खाप्याच्या बाजारातून शेंदराची पुडी आणली. दगड मधोमध ठेवला आणि शेंदूर फासला. शेंदूर दिसला की आपला माणूस पाय ठेवत नाही, एवढंच माझ्या मनात होतं. आठ दिवसांनी तिथे फुटलेला नारळ दिसला. महिन्याभरात मंगळवारी बाया यायला लागल्या. माझी बायकोही त्यात. ती मरेपर्यंत दर मंगळवारी त्या दगडाला पाणी घालत होती. तिलासुद्धा मी सांगितलं नाही.

लातूरकडे भूकंप झाला तेव्हा रेडिओवर ऐकून मी धावत पांढरीवर गेलो होतो. इतक्या लांबचा भूकंप, आमच्याकडे पानही हललं नव्हतं. भिंत जशीच्या तशी. मी दगडाजवळ बसून राहिलो. मग पुढे वर्षं गेली आणि मीही त्या दगडाला हात जोडायला लागलो. सवयीनं.

तर मॅडमना मी नाही का म्हटलं? लाज हे एक. दुसरं माझी पोरगी.

माझी पोरगी एकच. नवरा गेल्यावर हिंगण्याच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. तिथेच खोली करून राहायची, कंपनीच्या बसनं कामावर जायची, बारा बारा तास उभं राहून काम. पाय सुजायचे. मी कधी तिला परत ये म्हटलं नाही, ती आपल्या पायावर उभी आहे याचा मला तोरा होता. मागच्या वर्षी ग्रामपंचायतीत ठरलं की पांढरीवर बाहेरचे लोक पाहायला येतील, तर भिंतीजवळच्या मोकळ्या जागेत बचत गटाला कॅन्टीन बांधून द्यायचं आणि ते चालवायला माझी पोरगी. देवाचं दर्शन, भिंत पाहणं, मग चहा. तीच जागा. अर्धं कॅन्टीन माझ्या खड्ड्यावर, पाठ भिंतीला. आधी मीच तिला टोमणा मारला होता, "चौकीदाराची पोरगी, आन् बापाच्या पांढरीवर चाय इकते." ती हसली आणि म्हणाली, "बाबा, तुमी पांढरी राखली, मी पांढरीवर चाय पाजीन. दोघांचं काम सारखंच." तिचं हसणं मी कित्येक वर्षांनी पाहिलं.

फक्त एक अट होती. मॅडमचं चित्र यायचं, जमीन कडक आहे असं लिहून यायचं, मग बांधकाम.

चित्र आलं. मॅडमनी गावातल्या ओट्यावर लॅपटॉपवर दाखवलं. लाल म्हणजे कडक, निळं म्हणजे पोकळ. सगळीकडे लाल. जिथे दोरी नेलीच नव्हती, तिथेही लाल. मी बोट ठेवून विचारलं, "मॅडम, देवाखाली तं तुमी पाह्यलंच नाई. इथं रंग कुठून आला?"

"दोन्हीकडे कडक आहे ना काकाजी," त्या म्हणाल्या, "मग कंप्युटर मधली जागा त्यावरून भरतो."

मी बोट काढून घेतलं. मीही तेच केलं होतं. वरून भरून घेतलं होतं.

लेखी अहवाल अजून जायचा होता, पण पोरगी थांबली नाही. हिंगण्याची नोकरी सोडून घरी आली. नागपूरच्या इतवारीतून स्टीलचे चार डझन गिलास आणले. एक एक गिलास फडक्यानं पुसून पोत्यात भरून ठेवला.

मग ती दुपार आली. आम्ही जेवायला बसलो होतो. मांडणीवरची भांडी वाजली, आपोआप. पोत्यातले गिलास किणकिणले. चार मोजेपर्यंत सगळं थांबलं. गावात कोणी म्हणे भूकंप, कोणी म्हणे सावनेरकडच्या खाणीतला सुरुंग. मी हात न धुता पांढरीवर गेलो. भिंतीच्या विटांतून पीठ चाळल्यासारखी धूळ पडत होती. आणि दगडाभोवती जमिनीत भेग गेली होती. केसासारखी बारीक, पण चौकोनी. पंधरा फूट एक बाजू, दहा फूट दुसरी. मी माझ्याच खड्ड्याचं तोंड पाहत होतो.

चप्पल घासून घासून मी ती भेग बुजवली. माती ओढून तिच्यावर हात फिरवला. मग हात तसाच राहिला. एवढ्याशा हादऱ्याला एवढं होतं तर खऱ्या धक्क्याला काय होईल, आणि तेव्हा इथे चहा गाळत कोण उभं असेल.

घरी येऊन पोरीला सांगितलं. सगळं, खड्डा, सही, दगड. ती गिलास मोजत होती, मोजणं थांबवलं नाही.

"झालं तुमचं?" ती म्हणाली.

"झालं."

"बाबा, तुमाले माह्यं चाय इकनं खुपते, थे मले पयल्यापासून मालूम हाय. त्याच्यासाठी देवाले काहून मधात आनून राह्यले?"

"आनत नाई वं. थो देव नाईच."

"मी याईच्यासाठी नारळ फोडला होता त्या देवापुढं," म्हणजे तिच्या नवऱ्यासाठी. तो दवाखान्यात होता तेव्हाची गोष्ट. "तुमी बाजूले उभे होते. नारळ तुमीच सोलून देल्ला. तवा काहून नाई बोलले?"

मी खाली पडलेला एक गिलास उचलून तिच्यापुढे ठेवला.

"बोला ना."

"हिंमत नाई झाली."

"मंग आता कुठून आली?" तिनं पोत्याचं तोंड बांधलं. "माह्यं घर बसाच्या टायमालेच आली."

दुसऱ्या दिवशी मी नागपूरला गेलो. खाप्यावरून सावनेर, सावनेरवरून बस, बर्डीवर उतरून विचारत विचारत कॉलेज गाठलं. दोन मजले चढताना गुडघ्यांनी जीव घेतला, पण लिफ्टवाल्याला विचारलं नाही. मॅडमनी पाणी दिलं. मी पाणी न पिता बोललो.

त्यांनी कपाटातून कागद काढले. खोदकामाच्या जुन्या वहीची झेरॉक्स. तीस वर्षांनी माझी सही माझ्यासमोर. वाकडी, प्रत्येक अक्षर वेगळं उभं.

"काकाजी, इथे तर लिहिलं आहे, थराथरानं भरला. ही सही तुमचीच ना?"

"माहीच."

"मग?"

"सही माही हाय. लिवलेलं खोटं हाय."

त्यांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्यांच्या त्या दोन पोरींपैकी एक दारात उभी राहून ऐकत होती. मला वाटलं, यांना वाटत असेल म्हातारा भ्रमला. मी टेबलावरचं रिकामं प्लास्टिकचं दह्याचं डबडं उचललं, त्यात तिथलेच चुरगळलेले कागद कोंबले, वरून वहीचा पुठ्ठा ठेवला आणि बोटानं दाबून दाखवलं. वरून कडक. मग डबडं हलवलं, तसा पुठ्ठा आत खचला.

"असं हाय," मी म्हटलं. "वरून तुमी बुटानं पाहा का घनानं पाहा."

मॅडमनी ते डबडं माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवलं. "अहवाल सोमवारी जायचा आहे," त्या म्हणाल्या. "मी शनिवारी येते. पण काकाजी, देवाजवळ मशीन लावू देतील का?"

"मी पाह्यतो."

मी काय पाहणार होतो. शनिवारी मॅडमची गाडी आली तेव्हा बचत गटाच्या सगळ्या बाया दगडाभोवती उभ्या होत्या. पोरगीही त्यांच्यात, पदर खोचून. देवाजवळ मशीन लागणार नाही म्हणाल्या. एकदा पाहिलं ना, कडक आलं ना, आता पुन्हा काय.

मी सगळ्यांपुढे सांगितलं. एवढ्या लोकांसमोर मी जन्मात खाली मान घालून बोललो नव्हतो. हा दगड मी कन्हानमधून आणला. शेंदूर बाजारातला. याच्याखाली देव नाही, माझा खोटा भराव आहे. चोरी झाकायला ठेवलेला दगड आहे हा.

मग गावातली सगळ्यात म्हातारी बाई, माझ्याहूनही मोठी, काठी टेकत पुढे आली.

"तूनं आनला म्हनून काय झालं गा," ती म्हणाली. "देव कोनाच्या तरी हातानंच येते. आपोआप चालत येनारा देव तूनं पाह्यला काय?"

बाया हसल्या. मला वाटलं होतं शिव्या घालतील, दगड फेकतील. दगडच कोणी हलवायला तयार नव्हतं. मी आयुष्यात पहिल्यांदा गावापुढे खरं बोललो आणि ते कोणालाच नको होतं.

"मावशी," मॅडम म्हणाल्या, "आज घन नाही, खुंट्या नाही. हा एक डबा फक्त जमिनीवर ठेवायचा. हा ठोकत नाही, ऐकतो. जमीन सारखी थोडी थोडी हलत असते, नदीनं, वाऱ्यानं, रस्त्यावरच्या गाड्यांनी. कडक जमीन वेगळी हलते, पोकळ वेगळी. अर्धा तास ऐकू द्या. देवाला हात लागणार नाही."

"ठेव बाई," म्हातारी म्हणाली. "नारळ ठेवतो, तं डबा ठेवला म्हनून काय बिघडते."

डबा ठेवला. दगडापासून हातभर अंतरावर. मॅडम म्हणाल्या, आता अर्धा तास कोणी चालायचं नाही, पाय आपटायचे नाहीत. सगळं गाव खाली बसलं. कोणी खोकलं तर बाकीचे डोळे वटारायचे. एका बाईला वाटलं पूजाच चालू आहे, ती गुडघ्यांवर सरकत गेली आणि डब्याला हळदीकुंकू लावायला लागली. पोरींपैकी एकीनं तिचा हात हळूच धरला. माझी पोरगी समोर बसली होती. अर्धा तास तिनं माझ्यावरून नजर काढली नाही. मला आठवतं, मी मनातल्या मनात त्याच दगडाला म्हणत होतो, खाली कडक निघू दे. मीच खोटा ठरू दे. माझ्या हातानं भरलेली जागा, मला ठाऊक असलेली जागा, आणि मी त्या दगडाकडे हे मागत होतो.

मग तसाच डबा पन्नास पावलं दूर, धड जमिनीवर ठेवला. मॅडमनी लॅपटॉपवर दोन्ही रेघा एकाखाली एक लावल्या, देवाजवळची वर. मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. खालची रेघ सपाट होती, वरच्या रेघेला मधेच टेकाड आलं होतं.

"वीसेक फूट पोकळ दिसते," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

"बावीस," मी म्हटलं.

सोमवारी अहवाल गेला. भिंतीपासून पायथ्याच्या जागेला कुंपण घालायचं, आत काही बांधायचं नाही, लोकांना उभं राहू द्यायचं नाही. टेकाडावर दुसरीकडे कुठे कॅन्टीन बांधा म्हटलं तर ती राखीव जागा, तिथे खिळाही ठोकता येत नाही. तेवढी एकच जागा मोकळी होती, आणि ती मोकळी होती कारण मी ती खोदली होती.

मी मॅडमना फोन करून म्हटलं, "कागदावर माह्यं नाव टाका. कोनं भरलं थे लिवा."

"काकाजी, अहवालात नावं नसतात. जुना भराव, एवढंच लिहितात."

"वहीत तं होतं नाव."

मग मी म्हटलं, खड्डा पुन्हा उघडून द्या, मी थराथरानं भरून देतो, माझा धुमस अजून घरी आहे. त्या म्हणाल्या, त्याची परवानगी मोठी असते, वर्षं जातात. माझं वय त्यांना माहीत होतं, म्हणून किती वर्षं ते त्यांनी सांगितलं नाही.

कुंपण लागलं. आता बाया बाहेरूनच तारेतून हात घालून पाणी ओततात. गावात सांगतात, मशीननं खोटं सांगितलं होतं, देवानं स्वतः रेघ उठवून आपली जागा राखली. मी दोनदा-तीनदा म्हटलं, अरे बाबांनो, तो माझा खड्डा. पोट्टे म्हणतात, बुढा देवाचं श्रेय घेऊन राह्यला. धुमस कोपऱ्यात उभा आहे. मी कधी कधी तो उचलून पाहतो. एका हातानं आता उचलत नाही.

पोरगी हिंगण्याला परत गेली. जुन्या जागेवर घेतलं नाही, ठेकेदाराकडून घेतलं. दोन महिने घरी आली नाही, फोनवर फक्त औषध घेतलं का एवढं विचारायची. मागच्या रविवारी आली. पाय सुजलेले होते, चपलेचा पट्टा पायात रुतला होता. आल्या आल्या चहा ठेवला. कोपऱ्यातलं पोतं सोडून त्यातला एक गिलास काढला, धुतला आणि मला त्यात चहा दिला. कोरा गिलास, कडेला अजून दुकानाची चिठ्ठी चिकटलेली.

मी चहा पीत होतो. ती समोर बसून पाय चोळत होती.

"बाबा," ती म्हणाली, "थे थराथरानं भरलं असतं, तं किती दिवस लागत होते?"

"पंधरा."

"आन् तुमी कितीत केलं?"

"साहात."

ती पाय चोळायची थांबली. बोटांवर काहीतरी मोजलं, जसे गिलास मोजत होती तसं.

"नऊ दिवस," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. ती उठली, माझ्या हातातला गिलास घेतला, धुतला, पुसला आणि पुन्हा पोत्यात ठेवून पोत्याचं तोंड बांधलं.